सावलीतली रानहळद: कधी लावायची आणि कधी विसरायची

दर जानेवारीत कुणाचा तरी फोन येतो. "ताई, तुम्ही दिलेली रानहळद मेली हो. सगळी पानं गेली." मी विचारते, पाणी घालताय का? "हो तर, रोज न चुकता." मग सांगावं लागतं, की आतापर्यंत मेली नव्हती, आता मरेल.

सोसायटीच्या आवारात रेन ट्रीखाली, आंबा-फणसाच्या बुंध्याजवळ किंवा दोन इमारतींमधल्या पट्ट्यात लॉन टिकत नाही. दर दोन वर्षांनी नवं लॉन अंथरायचं आणि पावसाळ्यात त्याचा चिखल बघायचा, हा खर्च थांबवायचा असेल तर रानहळद लावा. पावसात दीड-दोन फुटांची रुंद हिरवी पानं जमीन झाकून टाकतात आणि मधूनमधून गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांतून पिवळी फुलं डोकावतात. अट एकच. ही झाडं वर्षातले सहा-सात महिने जमिनीखाली झोपतात, आणि त्या झोपेत त्यांना हात लावायचा नाही. मी पाहिलेले बहुतेक वाफे किडीने गेलेले नाहीत, हिवाळ्यातल्या पाण्याने आणि कुदळीने गेलेले आहेत.

म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका.

आधी ओळख पक्की करा

मराठीत 'रानहळद' हे नाव चार-पाच झाडांना सर्रास लावतात. इथे मी बोलते आहे ती कुर्कुमा स्यूडोमॉन्टाना. पिवळी फुलं, तुऱ्याच्या शेंड्याला गुलाबी-जांभळी पानं. तिची बहीण कुर्कुमा इनोडोरा, म्हणजे बिनवासाची, हिची फुलं जांभळट असतात. दोघींची निगा सारखीच, त्यामुळे कुठलीही मिळाली तरी चालेल.

नर्सरीत मात्र रानहळद म्हणून घरची हळद, आंबेहळद किंवा परदेशी शोभेची हळद हातात ठेवतात. कंदाचा छोटा तुकडा मोडून बघा. आत गर्द नारिंगी आणि मसाल्याच्या डब्यासारखा वास असेल तर ती घरची हळद. ती अर्धवट सावलीत वाढेल, पण उंच होते आणि दाट सावलीत लोळते.

सावधान: राष्ट्रीय उद्यानात किंवा कुठल्याही राखीव जंगलात पावसाळ्यात ही झाडं दिसतात म्हणून उपटून आणू नका. राष्ट्रीय उद्यानातून झाड काढणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय फुलावर असताना उपटलेला कंद बहुधा जगत नाही, कारण त्याची सगळी साठवण पानाफुलांत गेलेली असते. देशी झाडांची रोपं करणाऱ्या नर्सरीतून घ्या, नाहीतर कुणाचा वाफा विरळायचा असेल तेव्हा मागून घ्या.

टप्पा १: जागा ऑक्टोबरात बघून ठेवा

इथेच पहिली चूक होते. लोक डिसेंबरात आवारात फिरतात, गारव्याची कोपऱ्यातली जागा बघतात आणि म्हणतात, "ही सावलीची." तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे इमारतीच्या उत्तरेला दिवसभर सावली असतेच. पण रानहळद डिसेंबरात जागी नसते. ती जागी असते जून ते ऑक्टोबर.

मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. शून्य सावलीचे दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते, साधारण १५-१६ मे आणि २७-२८ जुलैच्या आसपास येतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आकाश बहुतेक ढगाळ, म्हणून उन्हाचा त्रास कमी. खरी परीक्षा ऑक्टोबरची. पाऊस गेलेला, पानं अजून हिरवी आणि आकाश स्वच्छ. त्या आठवड्यांत सकाळचं दोन-तीन तास ऊन पडतं आणि अकरानंतर सावली येते, ती जागा उत्तम. दुपारी बारा ते तीन थेट ऊन लागत असेल तर पानांच्या कडा कागदासारख्या वाळतील.

अगदी काळोखी जागाही नको. जिथे दुपारी बाराला पुस्तक वाचायला दिवा लागतो, तिथे पानं येतील, फुलं येणार नाहीत.

तपासा: झाडांची पावसाळ्यापूर्वीची छाटणी कधी आणि किती होणार आहे? ते सेक्रेटरींना विचारून घ्या. दाट फांदी कापली की तुमची सावली एका सकाळीत जाते.

टप्पा २: बादलीची परीक्षा

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. रानहळदीला पाऊस आवडतो. पण तिचं मूळ घर उताराच्या रानात आहे, तिथे पाणी पडतं आणि निघून जातं.

एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा खणा. बादलीभर पाणी ओता, जिरू द्या. मग दुसरी बादली ओता आणि घड्याळ लावा. खरं मोजमाप या दुसऱ्या बादलीचं. तासा-दीड तासात उतरलं तर जमिनीतच लावा. चार तासांनीही डबकं असेल तर सहा-आठ इंच उंचीचा गादीवाफा करावाच लागेल. पेव्हर ब्लॉकने वेढलेल्या चौकोनात बहुतेक वेळा हाच निकाल येतो, कारण आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच उतरतं.

सावधान: गादीवाफा करताना माती झाडाच्या बुंध्याला टेकवू नका. साल कुजते. खोडापासून किमान तीन फूट मोकळे सोडा. आणि मोठी मुळं लागली तर ती तोडून सरळ रेषेत वाफा करण्याचा हट्ट नको. मुळांच्या मधल्या खळग्यांत वाफ्याचे तुकडे-तुकडे करून लावलं तरी दुसऱ्या वर्षी पानं एकमेकांना भिडतात आणि वाफा कुठे तुटलाय ते कळतही नाही.

टप्पा ३: माती, आणि तांबड्या मातीचा भ्रम

या टप्प्यावर घाई कराल तर पुढचं सगळं फुकट.

मुंबईत माती मागवली की टेम्पो भरून तांबडी माती येते. दिसायला छान. नुसती तीच घातली तर जुलैत तिचा चिखल होतो आणि ऑक्टोबरात वीट. कंद फुगायला जागा हवी, ती विटेत मिळत नाही. आवारातली मूळची माती म्हणाल, तर ती बहुतेकदा माती नसतेच. इमारत बांधताना पसरलेलं डेब्रिज असतं: प्लास्टरचे पापुद्रे, टाइलचे तुकडे, सिमेंटचे गोळे, क्वचित एखादी जुनी चप्पल. हे सगळं फूटभर खोलीपर्यंत चाळून काढा. सिमेंट आणि चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, आणि रानातल्या पानकुजीत वाढणाऱ्या झाडाला ती मानवत नाही. पानं फिकट पिवळी, शिरा हिरव्या असं दिसायला लागलं की हीच शंका घ्या.

माझं प्रमाण घमेल्यांत असं:

तांबडी किंवा चाळलेली माती ३ घमेली, पानांचं कुजलेलं खत २ घमेली, गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत १ घमेलं, भाताचं तूस किंवा विटांचा जाडसर रोडा १ घमेलं. या सगळ्यात दोन मुठी निंबोळी पेंड.

पानांचं खत विकत आणू नका. रेन ट्री, सोनमोहर यांची पानं बारीक असतात आणि लवकर कुजतात. हिवाळ्यापासून गळणारा पालापाचोळा झाडून गाडीत घालण्याऐवजी जाळीच्या पिंपात दाबत जा, आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा. मेपर्यंत काळपट, भुसभुशीत, पावसाळ्यातल्या रानासारखा वास येणारं खत मिळतं. देशी बदामाची जाड पानं मात्र वेगळी ठेवा, ती कुजायला वर्ष घेतात. आच्छादनाला तीच छान.

सावधान: चौपाटीची वाळू घालू नका. तिच्यातलं मीठ पहिल्या पावसात धुऊन जाईल हा हिशोब चुकतो, कारण कोंब त्याच पहिल्या पावसात फुटतात. ताजं शेणही नको, कंद शिजल्यासारखा मऊ पडतो.

तपासा: तयार मातीची मूठ ओली करून दाबा. लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. फुटला नाही तर अजून एक घमेलं पानांचं खत.

टप्पा ४: कंद निवडणं

एप्रिल ते मेचा मध्य ही कंद आणण्याची वेळ. या दिवसांत कंद झोपेत असतो, हलवला तरी त्याला कळत नाही. जुलैत पिशवीतलं पानाफुलांचं रोप सुंदर दिसतं म्हणून लोक तेच घेतात. ते जगतं, पण ते वर्ष वाया जातं.

चांगला कंद हातात घट्ट आणि वजनदार लागतो, सुकलेल्या आल्यासारखा हलका नाही. वर किमान एक डोळा हवा, म्हणजे टोकदार फिकट फुगवटा. मुख्य गड्ड्याला धाग्यासारखी मुळं असतात आणि त्यांच्या टोकांना बदामाएवढे फुगीर गोळे लोंबतात. ती त्याची शिदोरी. नर्सरीवाले पुष्कळदा 'स्वच्छ' करून हे गोळे तोडून देतात. तसं करू देऊ नका. नुसते गोळे वेगळे लावून मात्र झाड येत नाही, त्यांना डोळा नसतो. पहिल्या वर्षी मी त्यांची एक अख्खी रांग लावली होती आणि सप्टेंबरपर्यंत वाट बघत बसले होते.

मऊ, ओलसर, आंबूस वासाचा भाग दिसला तर तो कापून टाका. कापलेल्या जागी चुलीची राख लावा आणि सावलीत दोन दिवस सुकू द्या. लावेपर्यंत कंद कागदात गुंडाळून हवेशीर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, फ्रिजमध्ये तर नकोच.

१० बाय ४ फुटांच्या वाफ्याला दहा इंचांच्या अंतराने साधारण ६० कंद लागतात. एवढे एकदम मिळत नसतील तर अंतर वाढवून विरळ लावू नका. अर्धा वाफाच दाट लावा, उरलेला पुढच्या वर्षी. विरळ वाफ्यात तण घुसतं आणि मग तण काढताना कोंब मोडतात.

टप्पा ५: लावणी

वेळ: मेचा शेवटचा आठवडा. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याच्या दहा-पंधरा दिवस आधी कंद जमिनीत असावेत, म्हणजे पहिल्या सरीला ते जागचे जागी जागे होतात. पाऊस सुरू झाल्यावर चिखलात लावलेला कंद कुजण्याची भीती जास्त.

१. वाफा सपाट करून दोरी धरा. ओळी एकमेकींच्या खिंडीत येऊ द्या, एकाखाली एक नकोत.
२. बोटाच्या दोन पेरांएवढा, म्हणजे दोन इंच खोल खड्डा. घरच्या हळदीच्या सवयीने चार इंच खाली घालू नका.
३. डोळा वर, लोंबणारे गोळे खाली पसरून. डोळा कुठला ते समजत नसेल तर कंद आडवा ठेवा, कोंब आपली वाट काढतो.
४. माती टाकून तळहाताने हलकं दाबा. पायाने नाही.
५. झारीने एकदाच, माती ओलसर होईल इतकंच पाणी.
६. वर दोन इंच पालापाचोळा.

आणि आता थांबा. पाऊस लांबला तर आठवड्यातून एकदा हलका शिडकावा, त्याहून जास्त नाही. दहा दिवसांत काही उगवलं नाही म्हणून उकरून बघण्याचा मोह प्रत्येकाला होतो. उकरताना तुटतो तो नेमका कोंब.

तपासा: वाफ्याच्या चारही कोपऱ्यांवर खुंट्या आणि दोरी आहे का? नसेल तर कुणीतरी तिथे सायकल लावणार.

टप्पा ६: जून ते सप्टेंबर

पहिल्या जोरदार पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत गुंडाळलेल्या हिरव्या सुरळ्या वर येतात. कधी पानाआधीच जमिनीतून थेट गुलाबी तुरा उगवतो. तो पहिल्या वर्षी आला नाही तर काही बिघडलेलं नाही.

जोराच्या सरीने माती वाहून कंद उघडे पडले तर त्याच दिवशी मूठभर खत-माती चढवा. वाफ्यात पाणी साचलं तर बाजूने बोटभर खोल चर काढून द्या. तीन पानं झाली की प्रत्येक झाडाला मूठभर गांडूळखत, ऑगस्टच्या मध्यात पुन्हा एकदा. युरिया नको. पानं भसाभस वाढतात आणि पहिल्या वाऱ्याला आडवी होतात.

खरा शत्रू म्हणजे मोठ्या शंखाच्या आफ्रिकन गोगलगायी. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा, हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यावर शिंपडू नका, गोगलगायीबरोबर रानहळदही जाईल. उघड्या हाताने त्यांना धरू नका आणि मुलांना हे काम देऊ नका, त्यांच्या अंगातून माणसाला बाधणारे जंत येऊ शकतात.

पान गुंडाळून आत हिरवी अळी बसलेली दिसली तर फवारणी करू नका. ग्रास डेमन नावाचं तपकिरी-पांढरं फुलपाखरू हळदीच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. चार पानं खाईल, खाऊ दे. मधला पोगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, वाळला आणि खोडाला भोकातून भुसा येत असेल तर तो खोडकिडा. ते खोड बुडापासून कापून वाफ्याबाहेर न्या. आणि खोड ओढताच घाण वासासह हातात आलं तर ती कंदकूज. तो कंद आजूबाजूच्या मातीसकट काढा आणि निचरा सुधारा. औषध घालून कंदकूज थांबवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

टप्पा ७: ऑक्टोबर, हात आखडायचा महिना

पाऊस गेला की पाणी सुरू करावं का? पानं पूर्ण हिरवी असतील तर आठवड्यातून दोनदा, तेही सकाळी. या तीन-चार आठवड्यांत पानं कंदात पुढच्या वर्षाची भर घालतात. पहिलं पान पिवळं पडलं की आठवड्यातून एकदा. अर्धी पानं पिवळी झाली की पाणी बंद.

पिवळी पानं वाईट दिसतात म्हणून दिवाळीच्या साफसफाईत कापली जातात. कापू नका. पान हलक्या हाताने ओढल्यावर आपोआप सुटून आलं पाहिजे. सुटत नाही म्हणजे अजून काम चालू आहे.

टप्पा ८: नोव्हेंबर ते मे, काहीही न करणं

सांगायला सगळ्यात सोपा आणि पाळायला सगळ्यात अवघड टप्पा. वाफा रिकामा दिसतो आणि रिकामी जागा आपल्याला बघवत नाही.

आमच्या आवारातल्या माळीकाकांनी एका जानेवारीत मला हाक मारली. "ताई, इथं काहीच नाही बघा, सिंगोनियम लावू का?" मी घाईत होते. लावा म्हटलं असावं. संध्याकाळी आले तर वाफाभर सिंगोनियमचे वेल, त्याच्यावर पाइप सोडलेला आणि कडेला एका ढिगात माझे चाळीसेक कंद, कुदळीने अर्धे केलेले. त्यांची चूक नव्हतीच. तिथे काही आहे याची खूण मी ठेवली नव्हती.

तेव्हापासून चार गोष्टी करते. वाफ्यावर पालापाचोळ्याचा तीन इंचांचा थर. चारी बाजूंनी विटांची कड. पत्र्याची पाटी, तिच्यावर ऑइल पेंटने: "खाली कंद आहेत. पाणी नको. खणू नये." आणि पाइपला तिथे जोड नाही.

सोबतीला दुसरं काही लावायचंच असेल तर वाफ्याच्या बाहेर, कडेला. वाफ्यावर बारमाही वेल सोडला की त्याला हिवाळ्यात पाणी लागतं, आणि ते पाणी खालच्याला मारतं. हिवाळ्यात एखादी अवकाळी सर पडली तर मात्र घाबरू नका. एका सरीने काही होत नाही, रोजच्या झारीने होतं.

सावधान: एप्रिल-मेमध्ये फांद्यांची छाटणी होते तेव्हा कापलेले ओंडके नेमके सावलीतल्या वाफ्यावर पडतात आणि ओढत नेले जातात. छाटणीच्या दिवशी तिथे उभे राहा किंवा आदल्या दिवशी वाफ्यावर जुन्या फळ्या टाका. डोळे तेव्हा पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेले असतात.

जमीन नसेल तर

बारा इंच रुंद, आठ-नऊ इंच खोल कुंडीत तीन कंद. उत्तर किंवा पूर्वेच्या ग्रिलमध्ये छान येतात. पावसात कुंडीखालची ताटली काढून टाका, डेंग्यूचे डास तिथेच होतात. पानं गळली की कुंडी आडवी करून बाकाखाली किंवा जिन्याखाली सरकवा. आडव्या कुंडीत पाणी घालायला कुणाचाही हात जात नाही, सासूबाईंचासुद्धा. मेच्या शेवटी उभी करा आणि वरची दोन इंच माती बदला.

टप्पा ९: तिसऱ्या वर्षी विरळणी

दोन पावसाळे झाले की कंद एकमेकांत गुंततात, पानं लहान येतात आणि तुरे कमी होतात. तिसऱ्या मेमध्ये, लावणीच्याच आठवड्यात, वाफ्याच्या कडेपासून बागकामाच्या काट्याने (फोर्कने) हळूच उचला. कुदळ नको. गड्डे हाताने मोडा, प्रत्येक तुकड्याला किमान एक डोळा आणि शक्य तितके गोळे राहू द्या. अर्धे पुन्हा त्याच वाफ्यात, नवं पानांचं खत मिसळून.

उरलेले शेजारच्या सोसायटीत वाटा. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळते आणि पुड्यावर जाड पेनाने लिहिते: "पानं गळली की पाणी बंद. जानेवारीत मला फोन करू नये."